आई-वडिलांसाठी आरोग्यविमा: विमा रक्कम मोठी पाहावी की अटी?

गोदातीर

नमस्कार. आई-वडिलांसाठी आरोग्यविमा घ्यायचा आहे आणि त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. वडील ६७ वर्षांचे आहेत, आई ६२ वर्षांची. दोघेही निफाड तालुक्यात गावी राहतात आणि मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो. वडिलांना काही वर्षांपासून मधुमेह आहे व गोळी चालू आहे. आईचा रक्तदाब औषधाने आटोक्यात असतो. माझ्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत मी, पत्नी आणि मुलगी आहोत, आई-वडील त्यात बसत नाहीत.

सध्या तीन प्रस्ताव हाताशी आहेत. पहिल्यात दोघांना प्रत्येकी ५ लाखांचे संरक्षण आहे आणि हप्ता सर्वांत कमी आहे, पण खोलीभाड्याला दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का अशी मर्यादा आहे. दुसऱ्यात रक्कम तेवढीच असून खोलीभाड्याला मर्यादा नाही. हप्ता मात्र बराच जास्त आहे. तिसऱ्यात प्रत्येकी १० लाखांचे संरक्षण आहे, परंतु प्रत्येक दाव्यात २० टक्के वाटा आपण उचलायचा आहे. रक्कम मोठी दिसते म्हणून घरच्यांचा कल तिसऱ्याकडे आहे.

याशिवाय एक गोष्ट मनाला खटकते आहे. विमा प्रतिनिधींचे म्हणणे असे की मधुमेह नुसत्या गोळीवर असेल तर अर्जात लिहू नये, कारण लिहिला की हप्ता वाढतो आणि तपासण्या मागे लागतात. हा सल्ला मानावा का?

तळटीप

मी अनेक वर्षे आरोग्यविम्याचे दावे तपासण्याचे काम केले आहे, आधी एका टीपीएमध्ये (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) आणि नंतर एका विमा कंपनीत. त्या अनुभवावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो: हा सल्ला अजिबात मानू नका. बाकीच्या तीनही प्रस्तावांची तुलना त्यानंतरची आहे, कारण अर्जातच आजार लपवला असेल तर विमा रक्कम ५ लाख असो की १० लाख, प्रत्यक्ष गरजेच्या वेळी ती मिळेलच याची खात्री उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या संदर्भात शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००९ मधील सतवंत कौर संधू प्रकरणात विमाधारकाला जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार होता, प्रस्ताव अर्जात त्याचा उल्लेख नव्हता, आणि दावा नाकारण्याचा विमा कंपनीचा निर्णय न्यायालयाने योग्य ठरवला. २०२१ मधील मनमोहन नंदा प्रकरणात परदेश प्रवासासाठी पॉलिसी घेणाऱ्या व्यक्तीने मधुमेह असल्याचे सांगितले होते, कंपनीने ते जाणूनच पॉलिसी दिली होती आणि पुढे हृदयविकाराचा दावा मात्र नाकारला होता. तेथे न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने निकाल दिला. मधुमेह दोन्ही प्रकरणांत होता. एकाने तो सांगितला होता आणि दुसऱ्याने सांगितला नव्हता, एवढ्यावरून पुढचे सारे बदलले.

तुमच्या प्रतिनिधींनी कदाचित असेही सुचवले असेल की पाच वर्षे काढली की कंपनी काहीच विचारू शकत नाही. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर, म्हणजे सलग ६० महिन्यांवर आणली आहे हे खरे आहे, आणि त्यानंतर माहिती दडवली या कारणाने दावा नाकारता येत नाही. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. शिवाय ६७ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत मधली पाच वर्षे निर्धास्तपणे काढता येतील असे गृहीत धरणेच मुळात चुकीचे आहे. त्या काळात खोटी माहिती उघड झाली तर दावा तर जातोच, पण पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि त्यानंतर दुसऱ्या कंपनीच्या अर्जात ‘पूर्वी कधी पॉलिसी रद्द झाली आहे का’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

आजार सांगितल्याची किंमत समजते त्यापेक्षा कमी आहे. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा दावा मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. पूर्वी तो ४८ महिने होता. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन तो याहूनही कमी करतात आणि मधुमेह, रक्तदाब अशा आजारांना पहिल्या महिन्यानंतर संरक्षण देणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत. प्रतीक्षा कालावधी चालू असताना पॉलिसी निरुपयोगी असते असेही नाही. अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. डेंग्यू, न्यूमोनिया यांसारख्या नव्याने उद्भवलेल्या आजारांना पहिले ३० दिवस संपल्यावर संरक्षण मिळते. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांसाठी मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षांची वेगळी प्रतीक्षा असते, मग तो त्रास पूर्वीपासूनचा असो वा नसो. आईच्या गुडघ्यांची किंवा वडिलांच्या डोळ्यांची तक्रार असेल तर ही यादी आताच काढून वाचा.

वयाचीही शंका अनेकांना असते, म्हणून सांगतो. नव्या पॉलिसीसाठी ६५ वर्षांची सरसकट मर्यादा नाही, नियमांतील ६५ वर्षांचा उल्लेखही एप्रिल २०२४ पासून गेला आहे. अर्ज स्वीकारायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार अर्थातच कंपनीकडे आहे.

गोदातीर

मनापासून आभार. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही लिहिणार, हे आता पक्के झाले. खोलीभाड्याच्या मर्यादेबद्दल मात्र थोडे समजावून सांगाल का? प्रतिनिधींच्या मते भाडे जास्त झाले तर फक्त वरचा फरक आपण भरायचा असतो. तसे असेल तर पहिला प्रस्ताव काही वाईट वाटत नाही.

तळटीप

फक्त वरचा फरक भरून हे प्रकरण मिटत नाही. रुग्णालयातून बाहेर पडताना सर्वाधिक कुटुंबे याच ठिकाणी अडखळताना मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेचे शुल्क, भूलतज्ज्ञांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे आणि डॉक्टरांच्या भेटींचे दर खोलीच्या वर्गानुसार ठरतात. एकच शस्त्रक्रिया जनरल वॉर्डमध्ये एका दराने होते आणि स्वतंत्र खोलीत दुसऱ्या दराने. म्हणून मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी भाड्याबरोबर खोलीशी निगडित सर्व शुल्के त्याच प्रमाणात कापते.

आकडेच मांडतो. विमा रक्कम ५ लाख आणि मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. वडिलांना ८,००० रुपयांच्या खोलीत सहा दिवस ठेवले असे समजा. बिल एकूण ३ लाखांचे झाले: खोलीभाडे ४८,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियागृह यांची शुल्के १,६०,००० आणि औषधे, तपासण्या व इतर साहित्य ९२,०००. खोलीभाड्यापैकी ३०,००० मंजूर होतील. ५,००० हे ८,००० च्या साडेबासष्ट टक्के आहेत, म्हणून डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाच्या १,६०,००० पैकी १,००,००० मंजूर होतील. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा नियामकाचा नियम आहे. पण हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबींचे ७,००० गेले असे धरले तर तिथे ८५,००० मिळतील. एकूण २,१५,००० कंपनीचे, ८५,००० तुमच्या खिशातले. प्रतिनिधींच्या हिशेबाने खोलीभाड्याचा फरक केवळ १८,००० रुपयांचा होता.

अतिदक्षता विभागाच्या शुल्काला प्रमाणशीर कपात लागू होत नाही, आणि जे रुग्णालय खोलीप्रमाणे वेगळे दर लावतच नाही तिथेही ती करता येत नाही. गावाकडच्या अनेक रुग्णालयांत एकच दर असतो. तसे असल्यास रुग्णालयाकडून तसे लेखी घेऊन दाव्याला जोडावे.

आता तिसरा प्रस्ताव पाहा. ४ लाखांच्या बिलात २० टक्के म्हणजे ८०,००० रुपये तुम्ही भरायचे, आणि ते दर दाव्याला. वरचे ५ लाख तेव्हाच उपयोगी पडतात जेव्हा बिल खरोखर ५ लाखांच्या पुढे जाते, पण २० टक्क्यांचा वाटा मात्र पहिल्या रुपयापासून सुरू होतो. तुमच्या आई-वडिलांचे उपचार निफाड, पिंपळगाव किंवा नाशिकला होणार असतील तर माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने आहे. तो हप्ता झेपत नसेल तर तिसऱ्याचाच असा पर्याय विचारा की ज्यात विमा रक्कम कमी आणि वाटा १० टक्के आहे. अनेक कंपन्या हा बदल करून देतात.

कृष्णाकाठ

मी कराडजवळ लहान रुग्णालय चालवतो. टेबलाच्या या बाजूने जे दिसते ते सांगणे मला आवश्यक वाटते.

दावे पुष्कळदा केसपेपरवरच्या एका ओळीवर अडतात. रुग्ण दाखल होताना घाईत असलेला नातेवाईक सांगतो की ‘दहा-बारा वर्षांपासून शुगर आहे’, आणि आमचा कनिष्ठ डॉक्टर तसेच लिहितो. प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचे असते. पुढे अर्जातली चार वर्षे आणि केसपेपरवरची बारा वर्षे यांत विसंगती दिसली की चौकशी सुरू होते. यावर उपाय सोपा आहे. निदान झाले त्या वेळचा रक्ततपासणीचा अहवाल आणि पहिली औषधचिठ्ठी जपून ठेवा, त्यावरची तारीखच अर्जात लिहा आणि घरातल्या प्रत्येकाला तीच माहिती ठाऊक असू द्या. डिस्चार्ज कार्ड हाती आल्यावर काउंटर सोडण्यापूर्वी वाचा. काही चुकीचे लिहिले गेले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेता येते. दावा नाकारल्यानंतर केलेल्या दुरुस्तीकडे कोणतीही कंपनी संशयानेच पाहणार.

दुसरी बाब रुग्णालयाच्या नोंदणीची. ग्रामीण भागात अनेकांना वाटते की लहान दवाखान्यातील उपचारांना विमा मिळत नाही. पॉलिसीतील व्याख्येनुसार रुग्णालय संबंधित कायद्याखाली नोंदलेले असावे लागते, आणि आपल्याकडे तो कायदा म्हणजे १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. नोंदणी नसल्यास खाटांची अट येते: दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि त्याहून मोठ्या शहरात किमान १५ खाटा, शिवाय चोवीस तास परिचारिका व डॉक्टर आणि स्वतःचे शस्त्रक्रियागृह. तुमच्या गावाजवळच्या ज्या रुग्णालयात रात्री-अपरात्री वडिलांना न्यावे लागेल, त्याचा नोंदणी क्रमांक आजच विचारून ठेवा. आम्हाला हा प्रश्न विचारला तर राग येत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायातील सहकाऱ्यांना कदाचित रुचणार नाही. केवळ तपासण्यांसाठी रुग्णाला दाखल करून घेण्याचा आग्रह कधी नातेवाईक धरतात, कधी डॉक्टरही होकार देतात. ज्या दाखल होण्यात प्रत्यक्ष उपचार नाहीत, नुसत्या तपासण्या आहेत, त्याचा खर्च पॉलिसीत बसत नाही, मग मुक्काम चोवीस तासांहून जास्त झाला तरी. त्यात पैसेही जातात आणि पुढच्या खऱ्या दाव्याकडे पाहण्याची दृष्टीही दूषित होते.

वडाची सावली

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. दोन ज्येष्ठांचा वार्षिक हप्ता, त्यावर दरवर्षीची वाढ, वर प्रतीक्षा कालावधी आणि कपाती पाहता तेवढीच रक्कम दरवर्षी बँकेत मुदत ठेवीत ठेवली तर ती आपल्याच नावावर राहते. दाव्यासाठी कोणाची विनवणी करावी लागत नाही. माझ्या परिचयातील काही कुटुंबांनी हेच केले आहे.

तळटीप

हा विचार टाकाऊ नाही, पण त्यात वेळेचा प्रश्न आहे. ठेव वाढायला वर्षे लागतात आणि हृदयविकाराचा झटका पहिल्याच वर्षी येऊ शकतो. ज्यांच्याकडे आजच आठ-दहा लाख रुपये केवळ उपचारांसाठी बाजूला ठेवलेले आहेत, आणि ते मुलीच्या लग्नाला किंवा द्राक्षबागेच्या औषधफवारणीला काढले जाणार नाहीत, त्यांनी विम्याशिवाय राहण्याचा विचार करावा. इतरांनी विमा घ्यावा आणि तरीही एक लहान ठेव ठेवावी, कारण कपाती, न मिळणाऱ्या बाबी आणि दाखल होतानाची अनामत रक्कम यांसाठी रोख लागतेच.

हप्त्याच्या वाढीबाबत एक दिलासा आहे. ३० जानेवारी २०२५ च्या निर्देशानुसार ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते.

मांडवी

विम्याच्या आधी सरकारी योजनेचा विचार झाला पाहिजे, असे मला वाटते. आमच्या गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीनपर्यंत सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पाच वर्षांच्या वास्तव्याची आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे हे कार्ड असूनही खासगी पॉलिसीतून आधी खर्च करण्याकडे त्यांचा कल असतो, आणि वर्षअखेरीस दोन्हींचा उपयोग अर्धवट होतो. महाराष्ट्रात याची रचना कशी आहे?

कृष्णाकाठ

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. पूर्वी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती आणि दीड लाखांपर्यंत असलेली ही योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह सर्व कुटुंबांना खुली असून मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच, उपचार सुरू होण्यापूर्वी, शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्याच्याकडे जावे. खर्च आधी करून नंतर परतफेड मागण्याची सोय यात नाही, हे अनेकांना उशिरा कळते.

मर्यादाही सांगतो. ही योजना उपचारांच्या ठरावीक यादीवर चालते. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस अशा मोठ्या खर्चासाठी ती खरोखर आधार आहे आणि तिच्यामुळे कर्जातून वाचलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. पण यादीत नसलेला उपचार, किंवा योजनेत नसलेले जवळचे रुग्णालय, यांसाठी खासगी विमाच लागतो. गोदातीर, तुमच्या वडिलांना ७० वर्षे पूर्ण झाली की त्यांना आयुष्मान वय वंदना कार्डही मिळेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्न न पाहता ५ लाखांचे संरक्षण त्यातून आहे, आणि खासगी पॉलिसी असली तरी ते घेता येते. वडिलांच्या बाबतीत ते तीन वर्षांवर आले आहे.

गोदातीर

शिधापत्रिका केशरी आहे. पुढच्या आठवड्यात गावी जाऊन दोघांची आधार जोडणी तपासतो.

आणखी दोन प्रश्न आहेत. एका संकेतस्थळावर कंपन्यांच्या दाव्यांची टक्केवारी दिली आहे. दुसऱ्या प्रस्तावाच्या कंपनीचा आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे शंभरातले पस्तीस दावे ती नाकारते असे समजायचे का? आणि माझ्या स्वतःच्या कुटुंबाला कंपनीचे ३ लाखांचे संरक्षण पुरेसे आहे का?

तळटीप

तो आकडा कोणता आहे ते आधी पाहा. बहुतेक ठिकाणी छापलेली टक्केवारी ही कंपनीने मिळवलेल्या हप्त्यांपैकी किती रक्कम दाव्यांवर खर्च झाली याची असते. ६५ याचा अर्थ १०० रुपये हप्त्यामागे ६५ रुपये दाव्यांत गेले, एवढाच. तो फार कमी असेल तर कंपनी दाव्यांत हात आखडता घेते की काय अशी शंका यावी, आणि शंभराच्या पुढे असेल तर हप्ते वाढतील अशी भीती बाळगावी. त्यात कारखान्यांच्या सामूहिक पॉलिसींचे दावेही मिसळलेले असतात, त्यामुळे एकट्यादुकट्या ग्राहकाला कसे वागवले जाते हे त्यावरून कळत नाही. मी तुमच्या जागी असतो तर किती दावे मंजूर, किती नाकारले आणि किती प्रलंबित, ही नियामकाच्या वार्षिक अहवालातील विभागणी पाहिली असती. त्याहूनही आधी नाशिकमधील तुमच्या पसंतीच्या दोन-तीन रुग्णालयांच्या विमा विभागात जाऊन विचारले असते की या कंपनीची मंजुरी यायला किती वेळ लागतो. ते लोक रोज हेच काम करतात आणि स्पष्ट सांगतात. नियमाप्रमाणे कॅशलेसच्या, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. तीन तासांपुढे उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे असतात.

तुमच्या कुटुंबाला ३ लाख अपुरे आहेत आणि ते नोकरीला बांधलेले आहेत. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची आणि पूर्ण झालेला प्रतीक्षा कालावधी सोबत नेण्याची तरतूद असते, पण त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो आणि संक्रमणाच्या गडबडीत तो राहून जातो. आजच सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपुढचा खर्च देणारी पूरक पॉलिसी, घेणे अधिक बरे. नुसत्या टॉप-अपमध्ये आणि यात फरक असा आहे: दोन्हींत वजावट, म्हणजे ज्या रकमेपर्यंतचा खर्च ही पॉलिसी देत नाही ती रक्कम, ३ लाखांची आहे असे धरा. वर्षात पत्नी २ लाखांच्या बिलाने एकदा दाखल झाली आणि मुलगी अडीच लाखांच्या बिलाने. टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे पाहतो, एकही ३ लाखांपुढे गेलेले नाही, म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो, ती साडेचार लाख होते, म्हणून दीड लाख देतो. वजावटीची रक्कम नोकरीच्या सामूहिक पॉलिसीतून आली की खिशातून, याने बिघडत नाही. तरुण वयात असे मोठे संरक्षण तुलनेने स्वस्त मिळते.

रानजाई

वरची चर्चा वाचून स्वतःचा अनुभव लिहावासा वाटला, कारण दावा नाकारला की बहुतेक जण तिथेच थांबतात. माझ्या सासऱ्यांच्या न्यूमोनियाचा दावा एका कंपनीने ‘घरी उपचार शक्य होते, दाखल होण्याची गरज नव्हती’ असे सांगून नाकारला. त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्याच्या नोंदी केसपेपरवर होत्या. आम्ही आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली, नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवली, आणि समाधानकारक उत्तर न आल्याने विमा लोकपालांकडे गेलो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

लोकपालांकडे जाण्यास शुल्क नाही आणि वकील लागत नाही, किंबहुना वकिलाला तिथे बाजू मांडताच येत नाही. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर जाता येते, मात्र अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतची प्रकरणे ते ऐकतात. निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. तो आपल्याला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. आमच्या सुनावणीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे एक पानी पत्र सर्वाधिक उपयोगी पडले. दाखल का करावे लागले, त्या दिवशी ऑक्सिजन किती होता आणि घरी ठेवले असते तर काय धोका होता, एवढेच त्यात लिहिले होते. दावा मंजूर झाला.

आणखी एक सांगते. नकाराचे पत्र आले की त्यात पॉलिसीतील नेमके कोणते कलम लावले आहे ते पाहावे. कलमाचा उल्लेख नसेल तर तो लेखी मागावा. टीपीएला स्वतःच्या अधिकारात दावा नाकारता येत नाही, तो निर्णय विमा कंपनीचाच असावा लागतो आणि २०२४ च्या नियमांनुसार कंपनीच्या दावे पुनर्विलोकन समितीच्या संमतीशिवाय नकार देता येत नाही.

अर्धविराम

कराबद्दल थोडक्यात. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवर कर लावलेला असल्यास नवे मागवा. प्राप्तिकराच्या कलम ८०डी (80D) खाली स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे, पण केवळ जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली निवडली असेल तर हा लाभ हिशेबातून वगळूनच हप्ता झेपतो का ते पाहावे. कर वाचतो म्हणून पॉलिसी निवडू नये, असे माझे ठाम मत आहे.

गोदातीर

सर्वांचे ऋण मानतो. आज दुसऱ्या प्रस्तावाच्या कंपनीशी बोलणे झाले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही अर्जात लिहिले, सोबत पहिल्या निदानाचे अहवाल जोडले. वडिलांच्या हप्त्यावर अधिभार लागेल आणि वैद्यकीय तपासणी होईल, असे त्यांनी सांगितले. प्रतीक्षा कालावधी कमी करण्यासाठी किती जादा लागेल याचे लेखी उत्तर मागितले आहे. दोघांची पॉलिसी एकत्र न घेता स्वतंत्र घ्यावी असे ठरते आहे. त्यात काही तोटा आहे का?

तळटीप

हप्ता थोडा जास्त पडेल, पण या वयात स्वतंत्रच योग्य. एकत्रित पॉलिसीत हप्ता मोठ्या वयावर ठरतो आणि एकाच्या दीर्घ आजारात वर्षाची सगळी रक्कम संपून दुसऱ्याला काही उरत नाही.

पॉलिसी हाती आल्यावर तिच्याबरोबर ग्राहक माहितीपत्रक असेल. प्रतीक्षा कालावधी, मर्यादा आणि वगळलेल्या बाबी त्यात सोप्या भाषेत दिलेल्या असणे २०२४ पासून बंधनकारक आहे, आणि ते स्थानिक भाषेत मागता येते. वडिलांसाठी मराठी प्रत मागून घ्या. प्रस्ताव अर्जाची प्रतही सोबत असते. तिच्यावर मधुमेहाच्या रकान्यात ‘होय’ आणि निदानाचे वर्ष छापून आले आहे का ते स्वतः पाहा, कारण ऑनलाइन अर्ज प्रतिनिधी भरतात आणि तेवढा एकच रकाना कधी कधी बदललेला आढळतो. चूक दिसली तर ताबडतोब कंपनीला ईमेलने कळवा आणि त्याची पोच ठेवा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांपर्यंत ती परत करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

गोदातीर

प्रत आली की पाहून येथेच कळवतो.